फाटकाची तिसरी किल्ली

आधीच सांगून टाकतो. मी नववीतून शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं असेल. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत, रोजच्या वापरातले. वाचताना कुठे अडखळायला झालं तर तेवढं सांभाळून घ्या.

वारजे गावठाणात आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांचं कंबरेचं दुखणं वाढलं तेव्हापासून मीच ती चालवतो. गिरणी चालू असली की समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही आणि आपलं त्याला. मला ते बरं पडतं, कारण चारचौघांत बोलायला मला मुळात जमत नाही. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. गिरणी थांबते, आणि डबे घेऊन आलेली माणसं बाकावर बसून बोलत राहतात. मी ऐकतो.

गिरणीत वरच्या तुळयांवर पीठ बसतं ना, तसं आहे हे. कुणी मुद्दाम टाकत नाही, पण बघता बघता बोटभर थर होतो. किस्सेही असेच साचले. अधूनमधून झाडले नाहीत तर कधीतरी डोक्यावर पडतात, म्हणून आज झाडायला घेतलेत.

हे सगळे किस्से चोरीचे आहेत. म्हणजे चोरी तिघा-चौघांनी केली. बाकी सगळं आम्ही केलं.

एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा, पुढे लागेल. आमची गिरणी आणि समोरची सोसायटी यांच्यामध्ये एक बोळ आहे. एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला गावातल्या नानांचा गोठा. सोसायटीतली माणसं या बोळातून दळण घेऊन येतात. बोळ नसेल तर त्यांना हायवेच्या कडेने मोठा वळसा घालावा लागेल. आणि एवढा वळसा घालण्यापेक्षा कुणीही दुकानातून तयार पिठाची पिशवी आणेल.

*

सुरुवात सुमनताईंपासून झाली. सुमनताई सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, बालवाडीत शिकवतात. एका सकाळी त्या डबा घेऊन बोळातून येत होत्या. मोटारसायकलवरून दोघे आले, गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि गावाच्या दिशेने पळाले. ताईंच्या मानेला ओरखडा आला. डबा पडला आणि गहू बोळभर झाले. त्या ओरडल्या तशी सोसायटीच्या सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली.

मदतीला धावले एकटे शकीलभाई. बोळ गावाकडे उघडतो तिथेच त्यांचं वर्कशॉप आहे. खिडक्यांचे गज, जिने, फाटकं असली लोखंडी कामं ते करतात. वेल्डिंग चालू होतं, तसेच धावले. म्हणजे तोंडावर वेल्डिंगचा काळा मुखवटा आणि हातात गज.

एक चोर जातोय तोवर हा दुसरा आलेला बघून सुमनताई पुन्हा ओरडल्या, आधीपेक्षा मोठ्याने. तेवढ्यात सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरून कुणीतरी बटाटा फेकून मारला. तो बरोबर मुखवट्यावर बसला.

शकीलभाईंनी मुखवटा वर केला. "ताई, मी आहे, मी. तुमच्या खिडकीला जाळी नाही का बसवली?"

ताई वर्कशॉपमध्ये बसून पाणी प्यायल्या आणि मग रडल्या. नानांनी आणि मी गहू गोळा केले.

संध्याकाळी शकीलभाई तो बटाटा घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. प्रत्येक दार वाजवून विचारलं, "हा आपला का?" कुणीच हो म्हटलं नाही. शेवटी त्यांच्याच घरी त्याची भाजी झाली.

"नेम चांगला होता," शकीलभाई अजून म्हणतात. "जरा आधी मारायला पाहिजे होता."

*

त्याच दिवशी सोसायटीत सुरक्षा समिती स्थापन झाली. अध्यक्ष झाले केतकर काका. त्यांना कुणी निवडलं असं मी विचारलं होतं. "मी," असं काका म्हणाले.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. सदाशिव पेठेतून वारज्याला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून औषधं आणायला पेठेत निघाले की "जरा पुण्यात जाऊन येतो" म्हणतात.

हवालदार चौकशीला आले तेव्हा काकाच पुढे होते. नाक्यावरच्या टायरवाल्याच्या कॅमेऱ्यात ती मोटारसायकल दिसली होती, पण चेहरे दिसले नव्हते. दोघांनी हेल्मेट घातलं होतं.

"दोघांनी?" काकांनी विचारलं. "मागे बसलेल्यानेसुद्धा?"

"हो."

"मग तपास पुण्याबाहेर करा."

हवालदारांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तसंच राहिलं. "काका, हे असंच लिहू?"

"लिहा. शब्द हवे तर तुमचे घाला."

हवालदारांनी काहीतरी लिहिलं, बाहेर येऊन गाडीला किक मारली आणि गेले. हेल्मेट आरशाला लटकत होतं.

काका ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, "हा मात्र आपला."

*

समितीचा पहिला निर्णय शिट्ट्यांचा. प्रत्येक घराला एक शिट्टी. चोर दिसला की वाजवायची, आणि ज्याला ऐकू येईल त्याने खाली यायचं.

शिट्ट्या शनिवारी वाटल्या. रविवारी त्या सगळ्या पोरांच्या तोंडात होत्या. नानांची म्हैस दोन वेळा दूध देईना. सोमवारी काकांनी फतवा काढला की शिट्ट्या मोठ्या माणसांनी कपाटात, कुलपात ठेवाव्यात.

त्याच आठवड्यात एका दुपारी जिन्यातल्या चपला-बूट कुणीतरी पोत्यात भरताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं. त्या आत धावल्या. शिट्टी कपाटात होती, कपाटाची किल्ली नवऱ्याच्या पँटच्या खिशात, आणि पँट दोरीवर वाळत होती. सगळं जमवून त्यांनी बाल्कनीत येऊन जोरात शिट्टी वाजवली, तेव्हा साऱ्या सोसायटीने एकसुरात उत्तर दिलं, "अहो, त्या पोराला आवरा!"

नियमाप्रमाणे खाली आले ते एकटे केतकर काका. अनवाणी आले. गेलेल्या चपलांत पहिल्या त्यांच्याच होत्या.

तेव्हापासून काकांच्या गळ्यात शिट्टी असते. झोपतानाही असते असं काकू म्हणतात.

*

शिट्ट्यांनंतर मिरची. बायकांनी बाहेर जाताना पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवायची असं ठरलं. आमच्याकडे मिरची कुटायचं यंत्रही आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. काका स्वतः ऑर्डर द्यायला आले.

"चवीचा विचार करू नकोस," ते म्हणाले. "हे खाण्यासाठी नाही. शत्रूसाठी आहे."

मी तशीच निवडून मिरची घेतली. माल तयार झाल्यावर काकांनी नमुना तपासायला पुडी उघडली आणि नाकाशी नेली. समितीची त्या दिवशीची बैठक पुढे ढकलावी लागली.

पुड्या घरोघर गेल्या. दहा-बारा दिवसांत एक बाई गिरणीत आल्या. "संतोष, ती सुरक्षेची मिरची संपली. अजून दे."

मी हातातलं काम थांबवलं. "चोर आला होता?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "पाहुणे."

*

आता नाना. सोसायटी उभी आहे ती जमीन नानांची होती. बिल्डरला देऊन टाकली, पण सकाळी उठून बांधावरून फेरी मारायची सवय काही गेली नाही. बांधाच्या जागी आता कंपाऊंडची भिंत आहे. नाना तिच्या कडेकडेने चालतात, मधेच थांबतात, वर बघतात. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि गोठ्यासाठी गवत आणायला खांद्यावर रिकामं पोतं.

चपलांची चोरी पोत्यातून झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, "सावधान. ही व्यक्ती रोज सकाळी सोसायटीची पाहणी करत आहे. कुणी ओळखत असल्यास कळवावे." त्याच्याखाली बऱ्याच जणांनी आभार मानले होते. एकाने लिहिलं होतं, "चेहऱ्यावरूनच कळतं."

फोटो फिरत फिरत नानांच्या नातवाच्या मोबाईलवर पोचला. गुरुवार होता, गिरणी बंद होती. बाकावर नाना होते आणि नेमके केतकर काकाही होते. नातवाने मोबाईल पुढे केला. नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कुनी काडला ह्यो?"

काका उठून उभे राहिले. "नाना, आपली माफी मागतो. नवीन भाडेकरू आहेत, त्यांना कल्पना नाही. मी आत्ता ग्रुपवर खुलासा टाकतो."

"ऱ्हाऊ द्या की," नाना म्हणाले. "फोटू झ्याक आलाय. आमच्या घरात माझा एकट्याचा फोटूच न्हाई. मोठा करून द्या. भितीवर लावायला कवातरी लागंलच."

शेवटी समितीने तो मोठा करून, फ्रेम करून नानांना दिला. नानांनी लगेच लावला. पाव्हणे आले की दाखवतात. "सोसायटीनं दिलाय," म्हणतात. "हार मागनं देनार हायेत."

*

मग काकांनी किल्ल्यांचा प्रश्न हातात घेतला. लोक बाहेर जाताना घराची किल्ली कुठेतरी लपवून ठेवतात आणि चोर बरोबर तिथेच बघतात, असं हवालदारांनी सांगितलं होतं. काकांनी जिन्याजिन्यातून फिरून पाहणी केली आणि मुख्य गेटवरच्या फलकावर सूचना लावली. मी ती स्वतः वाचलेली आहे.

"काही सभासद घराची किल्ली असुरक्षित जागी ठेवतात. उदाहरणार्थ, फ्लॅट अकरा (तुळशीच्या कुंडीखाली), फ्लॅट चौदा (मीटरच्या पेटीवर, डावीकडे), फ्लॅट वीस (काळ्या बुटात, उजव्या). चोरांना याचा फायदा होऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे."

फलक गेटच्या बाहेरच्या अंगाला आहे. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना नीट वाचता येतो.

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. गिरणी दिवसभर उघडी आणि मी दिवसभर तिथेच. "संतोष, पोरगी शाळेतून आली की दे." "संतोष, सिलिंडरवाला आला तर दार उघडून दे." मी भिंतीवर खिळे ठोकले. काका येऊन खिळे बघून गेले आणि बजावून गेले, की किल्लीवर नाव लिहायचं नाही, फ्लॅटचा नंबर लिहायचा नाही, धोका असतो.

मग करणार काय? ज्याचं जे दळण, ते मी चिठ्ठीवर लिहून किल्लीला बांधलं. 'बारीक गहू'. 'ज्वारी'. 'बाजरी, फक्त थंडीत'. काकांची 'भाजणी'.

एका दुपारी एक गृहस्थ ऑफिसातून लवकर आले. किल्ली मागितली.

"कुठली?" मी विचारलं.

"बारीक गहू."

"ती आता नाचणी झाली," मी म्हणालो. "वहिनी सकाळी येऊन चिठ्ठी बदलून गेल्या. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे."

"कुणाला?"

मी किल्ली पुढे केली. त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग किल्ली घेतली, पण घरी जायची घाई काही केली नाही. बराच वेळ बाकावर बसून होते.

*

सायकलचा किस्सा मात्र काकांसमोर काढायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे.

अनोळखी माणसाला हटकायचं असा समितीचा नियम होता, म्हणून काका दुपारी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस एक मुलगा जिन्याखालून गिअरची सायकल काढत होता. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक.

"थांब," काका म्हणाले.

मुलगा थांबला.

"अशी ओढत नेतात सायकल? नवीन फरशी आहे. चरे पडले तर कोण भरून देणार, तुझे वडील?"

"सॉरी काका."

"उचल."

त्याने उचलली. जड होती, म्हणून काकांनी मागचं चाक धरलं. दोघांनी मिळून ती गेटपर्यंत नेली. काकांनी गेट उघडून धरलं.

"थँक यू काका. येतो."

"येशील तेव्हासुद्धा उचलूनच आणायची," काका म्हणाले.

संध्याकाळी काकांचा नातू क्लासला निघाला. त्याची सायकल नव्हती.

हवालदार पुन्हा आले. मुलाची उंची किती, रंग कसा, काकांना काहीच सांगता येईना. फरशीवर एकही चरा नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा दाखवलं. शेवटी म्हणाले, "मुलगा वळणाचा होता."

हवालदारांनी या वेळी न विचारता लिहून घेतलं.

*

सायकल गेल्यावर काका फार बोलेनासे झाले. आणि मग समितीने बोळाला फाटक बसवायचं ठरवलं.

सायकल मुख्य गेटातून गेली होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते गेट कुणी उघडून धरलं होतं हेही माहीत होतं, म्हणून तो विषय कुणी काढेना. मंगळसूत्राची मोटारसायकल बोळातून गावाकडे पळाली होती. म्हणजे चोर गावठाणातले. म्हणजे बोळ बंद.

"पळनारा मानूस गावातनं हायवे गाठंल, का घरी जाऊन च्या पिईल?" नानांनी विचारलं. पण नाना सोसायटीचे सभासद नाहीत.

काम शकीलभाईंकडेच आलं. ते टेप घेऊन बोळात आले, माप घेतलं आणि काकांना विचारलं, "केतकरसाहेब, कडी कुठून ठेवू? आतून का बाहेरून?"

"आतून. हे काय विचारणं झालं?"

"आत म्हणजे कुठे?"

काकांनी सोसायटीकडे हात केला. नाना गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. त्यांनी गावाकडे हात केला. "आमी तर ल्हानपनापास्नं हिकडं आत म्हनतोय."

शकीलभाई मधोमध टेप धरून उभे. "काय ते ठरवून सांगा. माझं एवढंच आहे, की फाटक लावून झाल्यावर मला जेवायला घरी जाता आलं पाहिजे."

त्यावर समितीची एक पूर्ण बैठक झाली. शेवटी कडी दोन्हीकडून उघडेल आणि कुलूपही दोन्हीकडून लागेल अशी करायची असं ठरलं.

हे ऐकून बाकावर सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्याच्याने दळणाकडे लक्ष देववेना. रांगेतले निम्म्याहून जास्त डबे त्या बोळातून येतात. ते थांबले की गिरणी किती दिवस चालणार?

वडील म्हणाले, "बैठकीत जाऊन सांग की सरळ."

मी सांगायचं ठरवलं. गुरुवारी बंद गिरणीत उभा राहून सराव केला. रांगेतल्या डब्यांसमोर मला अगदी व्यवस्थित बोलता आलं.

अडचण आणखी एक होती. सुमनताई मंगळसूत्र गेल्यापासून बोळातून आल्याच नव्हत्या. त्यांची मुलगी स्कूटीवरून वळसा घालून डबा आणायची. फाटक नको, असं त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणायचं, ते मला कळत नव्हतं.

*

बैठक रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. फाटक बसून तयार होतं, त्याचा रंग अजून हाताला लागत होता. गावठाणातून आम्ही तिघे होतो. शकीलभाई कामाचे म्हणून, नाना फोटोचे म्हणून, आणि मी मागे खांबाला टेकून.

"कुणाला काही बोलायचं आहे का?" काकांनी विचारलं.

मी हात वर केला. सगळ्या माना मागे वळल्या.

"डबे," मी म्हणालो. पुढचं काही आलं नाही.

काकांनी वहीचं पान उलटलं. "डब्यांचं नंतर बघू. बस तू."

मी बसलो.

मग सुमनताई उठल्या. "फाटक नको असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी ओरडले आणि वर बघितलं. तुम्ही सगळे बाल्कनीत होतात. उद्या फाटक बंद असलं तरी तुम्ही बाल्कनीतच असाल. मला त्या बोळातून परत जायचंय. मला कुलूप नको. कुणीतरी सोबत हवंय."

मग चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली बघत म्हणाले, "मी बटाटा मारला होता."

शकीलभाई वळले. "म्हणजे तो आपला होता."

काकांनी घसा साफ केला आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं जाहीर केलं. फाटक बंद राहील. कामापुरतंच उघडायचं.

राहिला प्रश्न किल्ल्यांचा. कुलपाला तीन किल्ल्या होत्या. एक काकांकडे. एक सोसायटीच्या ऑफिसमधल्या कपाटात. तिसरी कुणाकडे, यावर चर्चा सुरू झाली. एकजण घेतो म्हणाले, पण ते दिवसभर हिंजवडीला असतात. एका घरात लहान मूल, ते सगळं तोंडात घालतं. एक आजी म्हणाल्या, मला जिने होत नाहीत.

"दिवसभर जागेवर असणारा माणूस पाहिजे," काका म्हणाले. "जबाबदार पाहिजे. आणि सगळ्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा पाहिजे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग काकांनाच एकदम आठवलं.

"अहो, त्यात काय एवढं? संतोषकडे ठेवू. नाहीतरी आपल्या सगळ्यांच्या किल्ल्या गिरणीतच असतात."

"बरोबर," सगळे म्हणाले. हात वर झाले.

नाना शकीलभाईंकडे बघत होते. शकीलभाई फाटकाकडे बघत होते. हसलं कुणीच नाही.

काकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सांभाळून ठेव. वाटेल त्याला उघडून द्यायचं नाही."

"नाही काका," मी म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली, उदबत्ती लावली, आणि पट्टा चढवायच्या आधी बोळात जाऊन फाटकाचं कुलूप काढलं. दोन्ही दारं मागे लोटली. वाऱ्याने परत येऊ नयेत म्हणून खाली एकेक वीट लावली. किल्लीला चिठ्ठी कसली बांधावी ते कळेना, फाटक काही दळत नाही. ती तशीच खिळ्याला अडकवली आणि बोळात परत येऊन विटा नीट बसल्यात का पाहिलं.

पलीकडून सुमनताई येत होत्या. डबा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्या भिंतीच्या कडेने चालत होत्या. त्यांच्या दोन पावलं मागे केतकर काका. गळ्यात शिट्टी, काखेत डबा. फाटकापाशी काका थांबले. विटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"इतक्या उशिरा उघडतोस?" ते म्हणाले. "माणसं खोळंबतात."

"उद्यापासून लवकर उघडतो, काका."

गिरणीशी आल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "भाजणी आहे."

काकांची भाजणी मी शनिवारीच दळून दिली होती. डबा हाताला अगदी हलका लागला. मी झाकण उघडलं नाही. सुमनताईंच्या डब्यामागे तो रांगेत ठेवला आणि गिरणी सुरू केली.